कुलूप उघडायला शिकताय? पहिली अवजारं अशी निवडा

किल्लीशिवाय कुलूप उघडायच्या छंदाला लागलेल्या नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सेट कुठला घेऊ?" आणि बहुतेक वेळा त्याने सेट मागवूनही झालेला असतो. तीस नगांचा, काळ्या पाकिटातला, सोबत एक पारदर्शक प्लास्टिकचं कुलूप. ते पारदर्शक कुलूप दहा मिनिटांत उघडतं. मग तो मोठ्या उत्साहाने घरातलं एखादं जुनं कुलूप घेऊन बसतो आणि तासभर काहीच होत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्याभरात पाकीट ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं.

मीही इथूनच सुरुवात केली. माझ्या पहिल्या सेटमधल्या तीस नगांपैकी आज माझ्याकडे एकही नाही. काही वाकले, दोन तुटले, बाकीचे कधी कुलपात गेलेच नाहीत. ज्यांना हा छंद मनापासून करायचा आहे त्यांचे पैसे आणि पहिल्या महिन्याचा उत्साह वाया जाऊ नये, म्हणून हे लिहितो आहे. सांगायचं ते आधीच सांगून टाकतो: आधी कुलूप ठरवा, मग त्या कुलपाला लागतील तेवढीच अवजारं घ्या. सुरुवातीला आतल्या पिना चाचपायला दोन-तीन हुक आणि एक रेक, आणि कुलपाला पीळ द्यायला तीन-चार टेन्शन रेंच पुरतात.

त्याआधी दोन नियम

किल्लीशिवाय, फक्त हाताच्या अंदाजाने कुलूप उघडायचं, या छंदाला जगभर लॉकस्पोर्ट म्हणतात. जर्मनीत 1997 पासून याची नोंदणीकृत संस्था आहे, नेदरलँड्समध्ये तुल नावाची संघटना आहे, आणि अमेरिकेत लास वेगासला भरणाऱ्या डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात लोक टेबलाभोवती बसून तासन्‌तास कुलपं उघडत असतात. या सगळ्या ठिकाणी दोन नियम पाळले जातात. जे कुलूप आपलं नाही आणि ज्याच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिलेली नाही, त्याला हात लावायचा नाही. आणि जे कुलूप वापरात आहे त्यावर सराव करायचा नाही, मग ते स्वतःचं का असेना.

पहिला नियम का, ते कुणालाही कळतं. दुसरा मी मोडला आणि त्याची किंमतही मोजली. राहत्या फ्लॅटच्या दाराच्या लॅचवर सराव करत होतो. स्वस्त हुकाचं टोक आत तुटलं आणि पिनांच्या मध्ये अडकलं. किल्ली निम्मीच आत जायला लागली. आई बाजारातून दोन पिशव्या घेऊन आली तेव्हा मी जिन्यात बसून चिमट्याने ते टोक काढायचा प्रयत्न करत होतो. शेवटी शेजारच्या काकांच्या बाल्कनीतून आत शिरावं लागलं, आणि संध्याकाळी चावीवाल्याला बोलावून कुलपाचं अख्खं सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो भाग, बदलून घेतलं. तेव्हापासून दाराला, गाडीला, कपाटाला लावलेल्या कुलपाला मी हात लावत नाही. सरावाची कुलपं वेगळी, एका डब्यात.

पायरी 1: घरातल्या किल्ल्या टेबलावर मांडा

इंग्रजीत मिळणारी बहुतेक माहिती आणि बहुतेक सगळे सेट एकाच प्रकारच्या कुलपासाठी असतात: पिनांचं कुलूप, म्हणजे पिन टम्बलर. युरोप-अमेरिकेत तेच सर्वत्र दिसतं. आपल्याकडे तसं नाही. आपल्या घरांतली कित्येक कुलपं लीव्हरची असतात. गोदरेजचं नवताल घ्या. अर्देशीर गोदरेज यांनी 1897 साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली, आणि पुढे त्याच कंपनीचं नवताल महाराष्ट्रात दुकानाच्या शटरपासून गावाकडच्या वाड्यापर्यंत पोचलं. ते लीव्हरचं कुलूप आहे. पाकिटावर "7 लीव्हर", "8 लीव्हर" असं छापलेलं असतं ते उगाच नाही.

लीव्हरच्या कुलपात पिना नसतातच. आत पत्र्याच्या पट्ट्या एकावर एक बसवलेल्या असतात. किल्लीचे दाते त्या पट्ट्या ठरावीक उंचीला उचलतात आणि मग खिट्टी सरकते. त्यासाठी लागणारं अवजार निराळं, ताण देण्याची जागा निराळी, आणि नव्या माणसाने सुरुवात करावी असं ते कुलूपही नाही. साध्या हुकाने नवताल उघडायला बसणं म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने नट सोडवायला बसण्यासारखं आहे. हात कितीही चांगला असला तरी काम होणार नाही. माझ्या ओळखीतल्या किमान तिघांनी "आपल्याला हे जमत नाही" म्हणून छंद सोडला, आणि तिघांच्याही हातात लीव्हरचं कुलूप होतं.

ओळखायचं कसं? किल्लीवरून. घरातल्या सगळ्या किल्ल्या टेबलावर ओता आणि बघा. गोल दांडी आणि फक्त टोकाशी पंखासारखे दाते असतील तर कुलूप लीव्हरचं. चपटी पट्टी, एका कडेला डोंगररांगेसारखे खाचखळगे आणि दोन्ही अंगांवर लांब उभ्या चरी असतील तर पिनांचं. चपटी किल्ली, पण खाचा कडेला नसून पृष्ठभागावर गोल खळग्यांसारख्या असतील तर ते डिम्पल कुलूप. तेही पिनांचंच, पण त्याला वेगळी अवजारं लागतात आणि ते पुढच्या वर्षीचं काम आहे. टेबलाच्या ड्रॉवरला किंवा टपालपेटीला असतात ती छोटी कुलपं बहुधा पातळ पत्र्याच्या वेफरची असतात. पिनांसाठीची अवजारं त्यांना चालतात.

पायरी 2: आत काय चाललंय ते एकदा कागदावर काढा

चित्र सुबक यायची गरज नाही, पण काढा. एक गोल नळी, जिच्यात किल्ली जाते आणि जी फिरते. तिच्याभोवती न फिरणारं घर. घरातून नळीत उतरणारी पाच-सहा भोकं, प्रत्येक भोकात दोन पिना एकावर एक, आणि त्यांच्यावर स्प्रिंग. वरची पिन नळी आणि घर यांच्या सीमेवर आडवी बसलेली असते, म्हणून नळी फिरत नाही. बरोबर किल्ली घातली की प्रत्येक जोडीतली फट नेमकी सीमेवर येते आणि नळी मोकळी होते. आजच्या रूपातलं हे कुलूप धाकट्या लायनस येलने अमेरिकेत 1861 आणि 1865 च्या पेटंटांतून आणलं. लाकडी पिनांची कल्पना मात्र प्राचीन इजिप्तपासूनची.

आता मुद्द्याची गोष्ट. कारखान्यात ती भोकं एका रेषेत पाडायची असतात, पण तंतोतंत एका रेषेत कधीच पडत नाहीत, केसभर इकडेतिकडे होतातच. त्यामुळे नळीला हलकासा पीळ दिला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती शोधायची आणि हळूच उचलायची. ती सीमेवर आली की बारीक "टक" होतं आणि नळी किंचित सरकते. मग दुसरी अडकते. सगळा खेळ एवढाच आहे. यातून अवजारांबद्दल दोन गोष्टी निघतात: एक अवजार सतत पीळ देत राहणार, दुसरं पिना चाचपणार. पहिल्याला टेन्शन रेंच म्हणतात, दुसऱ्याला पिक.

पायरी 3: टेन्शन रेंच आधी निवडा

नवे लोक पिकच्या आकारांवर रात्र घालवतात आणि टेन्शन रेंच सेटमध्ये येईल तो घेतात. माझं मत याच्या अगदी उलट आहे. दहातल्या सात वेळा कुलूप उघडत नाही ते टेन्शनमुळे. पिन बसली हे आपल्याला कळतं ते बरंचसं रेंचवर टेकवलेल्या बोटाला. तोच लवचिक, सैल किंवा भोकात डगमगणारा असेल तर हातातला हुक कितीही महागाचा असो, तुम्ही आंधळे आहात.

स्वस्त सेटमधले रेंच पातळ पट्टीचे आणि किल्लीच्या भोकाच्या खालच्या बाजूला बसवायचे असतात. दाबले की स्प्रिंगसारखे वाकतात, आणि भोकाची निम्मी जागा तेच खातात. मग हुक फिरवायला जागा उरत नाही. त्यापेक्षा वरच्या टोकाला बसणारे, वाकवलेले नसून जाड पत्र्यातून कापलेले चपटे रेंच घ्या. त्यांच्या टोकाला बारीक दाते असतात आणि ते भोकाच्या तोंडाशी, पहिल्या पिनेच्या अलीकडे घट्ट बसतात. सगळं भोक हुकाला मोकळं मिळतं. जाडी महत्त्वाची: साधारण 1 मिलिमीटर आणि 1.27 मिलिमीटर असे दोन घेतले की बहुतेक कुलपं सांभाळता येतात. अरुंद भोकासाठी 0.75 च्या आसपासचा तिसरा असला तर उत्तम. भोकात बसवल्यावर रेंच हलवून पाहा. खुळखुळला तर त्याच्यापेक्षा जाड घ्या.

खालच्या बाजूला बसणारा एखादा रेंचही ठेवा, कारण काही कुलपांत पहिली पिन इतकी तोंडाशी असते की वरचा रेंच तिलाच अडकवून ठेवतो.

दाब किती द्यायचा हे शब्दांत सांगणं अवघड आहे. मी नव्या माणसाला सांगतो: चिकू पिकलाय का हे बघायला आपण जेवढा दाबतो तेवढा. त्याहून जास्त नाही. चिकूवर बोटाची खूण उठत असेल तर कुलपावरही जास्त होतंय.

पायरी 4: मग पिक, आणि तेही मोजके

पहिला घ्यायचा तो छोटा हुक. टोकाशी जरासा वर वळलेला, बाकी सरळ. पहिले तीन महिने माझ्या हातात नव्वद टक्के वेळ हाच होता. दुसरा, त्याच्याहून थोडा उंच हुक. किल्लीत एखादी खाच खोल आणि तिच्या शेजारची उथळ असेल, तर पुढची पिन न हलवता मागची उचलावी लागते, तिथे तो लागतो. तिसरा, हवा असेल तर, रेक. लाटांसारख्या टोकाचा, पुढेमागे घासून एकाच वेळी अनेक पिना उडवणारा. रेकने सोपी कुलपं पटकन उघडतात आणि नव्या माणसाला हुरूप येतो, पण हात त्याने तयार होत नाही. म्हणून रेक एकच. अर्धा हिरा नावाचा त्रिकोणी टोकाचा पिक प्रत्येक सेटमध्ये येतो. आला तर असू द्या.

जाडीकडे इथेही लक्ष द्या. अमेरिकी सेटची नेहमीची जाडी 0.025 इंच, म्हणजे सुमारे 0.6 मिलिमीटर. आपल्याकडच्या पितळी कुलपांची आणि युरोपी धाटणीच्या दाराच्या सिलिंडरांची भोकं पुष्कळदा वेडीवाकडी आणि अरुंद असतात. तिथे 0.018 इंचाचा, म्हणजे 0.45 च्या जवळपासचा हुक सहज फिरतो. पातळ पिक लवकर वाकतो हे खरं. म्हणून माझा सल्ला असा: छोटा हुक दोन्ही जाडीत घ्या, उंच हुक फक्त पातळ घ्या.

धातूबद्दल फार डोकं लावू नका, फक्त "स्टेनलेस" एवढंच लिहिलेलं असेल तर सावध राहा. चांगले उत्पादक पोलादाचा प्रकार सांगतात. 301 प्रकारचं स्टेनलेस थोडं लवचिक असतं, तुटण्याआधी वाकतं आणि परत सरळ करता येतं. कडक केलेलं 420 ताठ असतं, कंपनं बोटापर्यंत छान पोचवतं, पण जोर जास्त झाला तर तुटतं. स्प्रिंग स्टीलही उत्तम, मात्र मुंबई-कोकणाच्या पावसाळ्यात आठवड्याभरात तांबूस होतं. तेलाचा हात द्यावा लागतो. नव्या हाताला मी 301 सुचवतो.

नावं हवी असतील तर कॅनडातली स्पॅरोज, अमेरिकेतली साउथऑर्ड आणि पीटरसन, जर्मनीतली मल्टिपिक ही जुनी, भरवशाची आहेत. बाहेरून मागवताना वस्तूच्या किमतीइतकंच कुरिअर आणि कस्टमचंही गणित मांडा, नाहीतर चार पिकचा सेट बारा पिकच्या किमतीला पडतो. दोघा-तिघांनी मिळून मागवलं तर परवडतं. अशा वेळी तयार सेटपेक्षा सुटे नग निवडा.

काय घेऊ नका, तेही सांगतो. खटका दाबला की पिना उडवणारी गन, एटीएम कार्डाच्या आकारात कापलेले पातळ पिक, ठोकून उघडायच्या किल्ल्या: यातल्या कशानेही बोटांना कुलूप कळायला लागत नाही. पारदर्शक कुलूप कुणाला आतली रचना दाखवायला छान आहे, सरावाला नाही. त्याचं प्लास्टिक इतकं ढिलं असतं की त्यातून येणारी जाणीव खऱ्या पितळेशी जुळतच नाही. एकदा पाहा आणि घरातल्या लहान मुलाला द्या.

पायरी 5: सरावाची कुलपं

अवजारांवर खर्च कराल तेवढाच कुलपांवर करा. आणि सगळं एकाच दिवशी आणू नका.

पहिलं: हार्डवेअरच्या दुकानातलं साधं पितळी कुलूप, खाचांच्या चपट्या किल्लीचं. दुकानदाराला "लीव्हरचं नको, सिलिंडरचं द्या" म्हणून सांगा आणि किल्ली हातात घेऊन बघा. खाचा एकमेकींपासून फार वरखाली नसतील तर बरं. मी पुण्यात बोहरी आळीत एका दुकानात उभा राहून दहा-बारा कुलपांच्या किल्ल्या उजेडात धरून पाहिल्या होत्या. दुकानदार मामा वैतागतील असं वाटलं होतं. त्यांनी उलट स्टूल पुढे केलं आणि म्हणाले, "बसून बघा, पण काय शोधताय ते मलापण सांगा." सांगितल्यावर त्यांनीच आतून अलीगढचं एक छोटं कुलूप काढून दिलं. "ह्यातल्या एकाची किल्ली दुसऱ्यालाही लागते म्हणून गिऱ्हाईक परत आणून देतं," म्हणाले. गिऱ्हाइकाला नको असलेलं ते ढिलं कुलूप शिकणाऱ्याला मात्र अगदी योग्य. पहिल्यांदा तेच उघडलं मी. रात्री पावणेबाराला, खिचडीचा कुकर थंड झालेला, आणि बोटाखाली नळी एकदम लोण्यासारखी फिरली.

दुसरं, आणि याबद्दल फारसं कुणी सांगत नाही: दाराच्या मॉर्टिस लॉकचं सुटं सिलिंडर. फ्लॅटच्या दारांना बसतं ते, दोन्हीकडून किल्ली लागणारं, साधारण 60 मिलिमीटर लांबीचं. त्यात दोन्ही बाजूंना स्वतंत्र नळी आणि स्वतंत्र पिना असतात, म्हणजे एका किमतीत दोन कुलपं. किल्ली एकच असली तरी भोकं थोडी वेगळी पडलेली असतात, त्यामुळे पिना अडकण्याचा क्रम बदलतो. एक बाजू उघडायला लागली म्हणून दुसरी लगेच उघडेल असं नाही. हा उत्तम धडा आहे. युरोपी पद्धतीच्या या सिलिंडरात पिना खालच्या बाजूला असतात. सुरुवातीला ते उलटं धरा, म्हणजे कागदावरच्या चित्राशी जुळेल.

या सिलिंडराचा आणखी एक फायदा असा की ते खोलता येतं. मागची चकती काढून, किल्लीने नळी थोडी फिरवून, नळीच्या जाडीची लाकडी दांडी मागून सरकवत नळी बाहेर घ्यायची, म्हणजे स्प्रिंगा उडत नाहीत. हे पांढऱ्या टॉवेलवर करा. स्प्रिंग फरशीवर पडली तर सापडत नाही. मग फक्त दोन जोड्या पिना ठेवून कुलूप परत जुळवा, उघडा. जमलं की तिसरी जोडी घाला, मग चौथी. पाच पिनांशी पहिल्या दिवशी झगडण्यापेक्षा दोनांपासून चढत जाणं फार बरं. माझ्याबरोबर शिकलेल्यांत ज्यांनी असं केलं ते टिकले.

तिसरं कुलूप महिन्याभराने. तेव्हा बहुधा तुमची डमरूशी गाठ पडेल. चांगल्या कुलपांत वरची पिन सरळ नसून मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, थेट डमरूसारखी असते. नळी चांगली पाच-दहा अंश फिरते, वाटतं उघडलंच, आणि तिथेच थांबते. जोर लावलात तर काही होत नाही. पीळ किंचित सैल सोडून पिन हळूच उचलावी लागते, आणि बोटाला नळी उलट ढकलल्यासारखी वाटते. चांगल्या टेन्शन रेंचचे पैसे तिथे वसूल होतात.

कुलूप हातात धरून सराव करू नका, मनगट दुखतं. छोटा व्हाइस घ्या, वर्कशॉपात ज्याला शेगडा म्हणतात तो, टेबलाला क्लॅम्पने बसणारा. जबड्यांत रबराचे तुकडे ठेवा आणि फार आवळू नका. जास्त आवळलं तर कुलूप दबतं आणि पिना घासायला लागतात.

पायरी 6: नवी अवजारं लगेच वापरू नका

कापून काढलेल्या पिकच्या कडा खरखरीत असतात. बोटावरून फिरवून बघा, नखाला लागतात. ही खरखर पिनेवर घासते आणि बोटाला खोट्या खबरी देते. पॉलिश पेपर आणा: 400, 800 आणि 1200 नंबर. पाण्यात भिजवून फक्त कडांवर, लांबीच्या दिशेने फिरवा. टोकाचा आकार बदलू द्यायचा नाही. प्रत्येक पिकला दहा मिनिटं. शेवटी पिक पितळेच्या किल्लीवरून ओढून पाहा. आवाज न होता सरकला तर झालं.

मूठ पातळ पत्र्याची असेल तर तासाभरात बोटात रुतते. वायरींवर चढवतात ती हीट श्रिंक स्लीव्ह इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. दोन थर चढवून मेणबत्तीपासून थोडं वर धरून फिरवा, घट्ट बसते.

स्वतः बनवायची असतील तर

ज्यांना हातकामाची आवड आहे त्यांनी बाहेरून काही मागवण्याआधी हे करून बघावं. लोखंड कापायच्या हॅक्सॉचं पान साधारण 0.64 मिलिमीटर जाड असतं, म्हणजे पिकच्या जाडीचंच. फ्लेक्सिबल लिहिलेलं पान घ्या. पूर्ण कडक पान काचेसारखं तुटतं. दाते घासून काढा, मार्करने छोट्या हुकाचा आकार काढा आणि कानशीने उतरवा. ग्राइंडर वापरत असाल तर दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवा. कडेला निळसर झाक आली की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. तो भाग पिन उचलताना शिशासारखा वाकेल. डोळ्यांवर चष्मा हवाच.

टेन्शन रेंचसाठी गाडीच्या जुन्या वायपरमधल्या स्टीलच्या पट्ट्या जगभरचे छंदी वापरतात. गॅरेजवाले त्या फेकूनच देतात. मागितल्या तर मिळतात. टोक व्हाइसमध्ये धरून काटकोनात वाकवायचं आणि कुलपाच्या भोकाला बसेल असं कानशीने बारीक करायचं.

आमच्या कोपऱ्यावर छत्रीखाली बसणाऱ्या चावीवाल्या चाचांना मी माझा पहिला घरगुती हुक दाखवला. त्यांनी तो अंगठ्याच्या नखावर टेकवला, एकदा फिरवला आणि न बोलता कानशीने टोकाखालची कड दोनदा घासून परत दिला. "इथं अडकत असेल," एवढंच म्हणाले. खरंच तिथेच अडकत होता. या लोकांशी बोला, त्यांचा धंदा नसेल त्या वेळी, आणि चहा सांगून.

हातकामाचा मान या विषयात जुना आहे. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकी कारागिराने आधी चब या इंग्लिश कंपनीचं नावाजलेलं कुलूप सुमारे 25 मिनिटांत उघडलं. मग लंडनमध्येच पिकॅडिलीतल्या ब्रामा या कुलूप कंपनीच्या दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं आव्हान म्हणून लावलेलं कुलूप, ज्यावर 200 गिनींचं बक्षीस होतं, तेही त्याने उघडलं. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले, आणि त्या एका कुलपासाठी त्याने अवजारं मुद्दाम तयार केली होती.

पायरी 7: कायदा आणि पाकीट

हे वाचल्याशिवाय अवजारं घराबाहेर नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 122 नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचं अवजार कायदेशीर कारणाशिवाय जवळ सापडलं तर तो गुन्हा आहे, आणि कारण सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याजवळ सापडलं त्याची. आपला हेतू कितीही स्वच्छ असला तरी रात्री साडेदहाला नाकाबंदीत बॅगेतून पिकचं पाकीट निघालं तर समजावून सांगायची वेळ आपल्यावर येते. म्हणून अवजारं घरातच ठेवा. मित्राकडे न्यायची तर दिवसा, सरावाच्या कुलपांसकट आणि त्यांच्या किल्ल्यांसकट एकाच डब्यात. गाडीच्या डिकीत कायमची ठेवू नका. विमानात हँडबॅगेत तर नकोच.

परदेशातल्या मराठी मंडळींनी तिथला कायदा आधी बघावा. इंग्लंडमध्ये 1968 च्या चोरीविषयक कायद्याचं कलम 25 घराबाहेर चोरी-घरफोडीच्या हेतूने अवजार बाळगण्याबद्दल आहे. जपानमध्ये 2003 पासून व्यवसाय किंवा तशा योग्य कारणाशिवाय अशी अवजारं जवळ ठेवायलाच बंदी आहे, तेव्हा तिथे नोकरीसाठी जाताना सेट घरीच ठेवून जा. अमेरिकेत राज्यागणिक नियम बदलतात.

आणि घरच्यांना सांगा. बंद दाराआड कुलपं खाजवत बसलेला मुलगा किंवा मुलगी पाहून आईवडिलांना काळजी वाटणं स्वाभाविक आहे. कुलूप खोलून आतल्या पिना दाखवा. माझे बाबा महिनाभर गप्प होते. सिलिंडर उघडून दाखवल्यावर चष्मा लावून पाऊण तास बसले, आणि मग घराच्या दाराला कुठलं कुलूप लावायचं ते त्यांनीच बदललं.

पुढची खरेदी कधी

एक छोटी वही ठेवा. कुलूप कुठलं, पिना किती, कुठल्या क्रमाने बसल्या, कुठला रेंच, किती वेळ. वहीत एकाच अडचणीची तीनदा नोंद झाली की नवं अवजार घ्या. "मागची पिन उचलताना पुढची जास्त उचलली जाते" असं तीनदा लिहिलं गेलं तर आणखी उंच हुक. "भोकात हुक वळत नाही" तीनदा आलं तर 0.38 मिलिमीटरचा सगळ्यात पातळ. माझ्या पाकिटात आज नऊ पिक आणि पाच रेंच आहेत, आणि प्रत्येकाच्या नावावर वहीत तीन तारखा आहेत.